शून्य डोमेनमधला डबा

या जगात जे जे काही आहे, त्यावर कोणाचा तरी अधिकार चालतो आणि तो अधिकार वाटून देणारा कोणीतरी एक वर बसलेला आहे, अशी बहुतेक धर्मांची शिकवण आहे. आमच्या घराने ती आजोबांच्या पिढीतच सोडून दिली, त्यामुळे मी तिच्या वाटेला फारसा गेलो नाही. पण माझ्या साडूभाऊंशी नातं जुळलं आणि निदान अर्धी शिकवण मला मान्य करावी लागली. असा एकजण खरोखरच होता. फक्त तो वर बसत नव्हता. तो वर्ध्यातल्या एका मोठ्या संस्थेच्या रुग्णालयात, तळमजल्यावर, रक्ततपासणीला लागून असलेल्या एका थंडगार खोलीत बसायचा आणि मे महिन्यात स्वेटर घालायचा. यंदा तो निवृत्त झाला.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते नेमकं काय काम करतात, हे आमच्या नातलगांना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘स्विचचे इंजिनिअर’ एवढंच सगळ्यांना ठाऊक. बायकोच्या एका मावशींनी त्यावर विश्वास ठेवून त्यांना पंख्याचं बटण दुरुस्त करायला बोलावलं. साडूभाऊ गेले. बटण त्यांना दुरुस्त करता आलं नाही, पण पंखा आणि ट्यूबलाइट एकाच बोर्डावर असणं कसं धोक्याचं आहे, हे त्यांनी मावशींना तासभर समजावून सांगितलं. ज्याला उजेड पाहिजे त्याला वारा पाहिजेच असं नाही, मग उजेडासाठी आलेल्या माणसाचा हात वाऱ्यापर्यंत पोचायचं कारण काय, असा त्यांचा मुद्दा होता. मावशींनी दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला.

मला जे समजलं ते असं. संस्थेची तीन-चार कॉलेजं, वसतिगृहं आणि रुग्णालय आहे. विद्यार्थ्यांचे निकाल, नोकरांचे पगार, पेशंटचे एक्स-रे अशी सगळी माहिती त्या थंड खोलीतल्या कपाटाएवढ्या यंत्रांत ठेवलेली असते. संगणक मात्र संस्थाभर पसरलेले. त्या संगणकांच्या आणि कपाटांच्या मध्ये एक चपटी पेटी असते, तिला ओळीने बारीक खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एकेक तार. कोणत्या तारेने आलेल्याला कोणत्या कपाटापर्यंत जाऊ द्यायचं, हे ती पेटी ठरवते. ही पेटी म्हणजे स्विच. आणि पेटीला काय सांगायचं, ते साडूभाऊ ठरवायचे. त्यांनी पेटीचे वाटे पाडले होते. त्या वाट्यांना डोमेन म्हणतात. रुग्णालयाचं एक, परीक्षेचं एक, पगाराचं एक. ज्याला जे डोमेन दिलं त्याला तेवढ्याच खिडक्या दिसतात; बाकीच्या त्याच्या लेखी जगातच नसतात. ज्या खिडक्या कोणालाच दिलेल्या नाहीत, त्या शून्य नंबरच्या डोमेनमध्ये पडून राहतात. आणि अगदी शेवटी येतं दोनशे पंचावन्न नंबरचं डोमेन. तिथे बसलेल्या माणसाला सगळं दिसतं, आणि एकाची खिडकी काढून दुसऱ्याला देता येते ती फक्त त्यालाच. दोनशे पंचावन्नमध्ये साडूभाऊ एकटे होते. तीन आणि दोनशे पंचावन्न यांच्यामधली डोमेनं कुठे गेली, असं मी एकदा विचारलं. ती संस्थेच्या प्रगतीसाठी राखून ठेवली आहेत, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

‘जेवढं काम, तेवढाच प्रवेश’ हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. ते त्यांनी नोकरीत आणलं की नोकरीतून घेतलं, हे ठरवणं कठीण आहे, पण घरी ते काटेकोर पाळलं जायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात घराचा खरा कर्ता कूलर असतो. साडूभाऊंच्या कूलरचे अधिकार वाटलेले होते. पाणी भरायचं मुलाने, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या त्यांनी स्वतः, आणि वेग कमी-जास्त करायचा ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने. पाहुण्यांना फक्त वारा घ्यायचा अधिकार. एका दुपारी मी सहज उठलो आणि बटण एकवरून दोनवर नेलं. साडूभाऊ उठले, बटण पुन्हा एकवर आणलं, आत जाऊन कणीक मळणाऱ्या ताईंना बाहेर घेऊन आले, आणि ताईंनी कोपराने बटण दोनवर केलं. “आता ठीक आहे,” साडूभाऊ म्हणाले, आणि आमच्या गप्पा पुढे सुरू झाल्या.

फ्रिजचा वरचा कप्पा, टीव्हीचा रिमोट, लोणच्याची बरणी, सगळ्यांचं हेच. स्वयंपाकघर मी पूर्णपणे हिच्या ताब्यात दिलं आहे, असं ते मोठ्या मनाने सांगायचे. ताई हे ऐकून घ्यायच्या. साडूभाऊंना चहाचा दुसरा कप हवा असला की स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून मागावा लागायचा आणि तो मिळायचा नाही. नाही म्हणायचं तर कारण द्यायला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ताई कारण द्यायच्या. “शुगर,” असं एका शब्दात. साडूभाऊ समाधानाने परत येऊन बसायचे. चहा मिळाला नाही याचं दुःख त्यांना होतंच, पण निर्णय नियमात बसणारा होता.

पासवर्डच्या बाबतीत तर ते सोवळ्यातले. त्यांच्याबरोबर एटीएममध्ये जाणं ही एक शिक्षाच. रांगेतल्या सगळ्यांना ते नम्रपणे पाठ फिरवायची विनंती करायचे, आणि ती पाळली गेल्याशिवाय आकडे दाबायचे नाहीत. एकदा त्यांनी बंदुकीसकट पहारेकऱ्यालाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. बाहेरून पाहणाऱ्याला दरोडाच वाटला असता. पण दुसऱ्याचा पासवर्डही त्यांना तितकाच पवित्र. भाजी घेताना पुढची बाई फोनवरून पैसे देऊ लागली की साडूभाऊ हातातली कोथिंबीर घेऊन गर्रकन वळायचे आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचे. भाजीवालीने त्यांचं नाव ‘लाजरे साहेब’ पाडलं होतं.

संस्थेचे संचालक हे वेगळ्या घडणीचे गृहस्थ. त्यांच्या टेबलावर तीन फोन होते आणि त्यांतले दोन वाजत नसत. नवीन आले तेव्हा त्यांनी साडूभाऊंना बोलावून सांगितलं की मी या संस्थेचा प्रमुख आहे, मला सगळं दिसलं पाहिजे. साडूभाऊंनी खोलीत परत येऊन लेखी उत्तर पाठवलं: “आपल्या कामास याची आवश्यकता दिसत नाही. आवश्यकता निर्माण झाल्यास कळवावे.” आपल्या कामाला कशाची तरी आवश्यकता नाही, असं संचालकांना आयुष्यात कोणी लिहून दिलं नव्हतं. ते इतके चकित झाले की रागवायचं राहून गेलं. काही दिवसांनी साडूभाऊंनाच दया आली आणि त्यांनी संचालकांच्या टेबलावर एक पडदा बसवून दिला. त्यावर पेटीतल्या पंख्यांचा वेग, खोलीचं तापमान आणि पुष्कळसे हिरवे ठिपके दिसायचे. त्यात बदल काहीच करता येत नव्हता. पुढची कितीतरी वर्षं संचालक आल्यागेल्याला तो पडदा दाखवून म्हणायचे, “संपूर्ण संस्था इथून माझ्या नजरेखाली असते.” पंखे खरोखरच फिरत होते, त्यामुळे हे अगदी खोटं होतं असंही म्हणता येत नाही.

नकार लेखी आणि सकारण द्यायचा, हा नियम त्यांनी सगळ्यांना लावला. ग्रंथपालांना, परीक्षा विभागाच्या कारकुनांना, एकदा तर मलाही, कारण मी त्यांच्या घरच्या वायफायचा पासवर्ड मागितला होता. हा कसला छंद, असं मी एकदा त्यांना विचारलं. आम्ही पवनारला एका ओळखीच्या घरी जाऊन परत निघालो होतो आणि धाम नदीच्या पुलावर गाडी थांबवून उभे होतो. ते घरी आणि माझ्याशी आपल्या बोलीतच बोलतात.

“आजोबाले विहिरीवर नाई म्हणत होते ना, साडूभाऊ,” ते म्हणाले. “काऊन नाई, ते कोणी सांगतलं नाई. अर्ज कोणाकडे करा लागते, तेही सांगतलं नाई.”

माझ्या आजोबांचं गाव दुसरं होतं. विहीर बहुधा तीच असावी. साडूभाऊंनी वर दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाले, की या पुलाच्या दिव्यांची बटणं कोणाच्या ताब्यात आहेत, हे एकदा विचारायला पाहिजे.

हे सगळं ठीक होतं. अडचण एकच होती, आणि ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. दोनशे पंचावन्न ते कोणाला देत नव्हते. त्यांच्या हाताखाली वैशाली नावाची मुलगी होती, देवळीची, हुशार, सात-आठ वर्षं त्या खोलीत काढलेली. रुग्णालयाचं डोमेन तिच्याकडे होतं, पुढे परीक्षेचंही दिलं. पण दोनशे पंचावन्नची किल्ली काही मिळेना. निवृत्ती वर्षावर आली, मग महिन्यांवर आली. ताई विचारायच्या, संस्थेतले लोक विचारायचे, संचालक तर आशेने विचारायचे. “तिच्या कामाले सध्या गरज नाई,” असं साडूभाऊ म्हणायचे. खरं म्हणजे गरज त्यांना होती. ते सोडलं तर सकाळी स्वेटर घेऊन निघायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्याचं कारण त्यांना लिहून देता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कारंजा घाडग्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. हायवेला लागूनच मांडव होता, एका बाजूला ढाबे, दुसऱ्या बाजूला संत्र्यांचे ट्रक. साडूभाऊ, ताई, मी आणि माझी बायको माझ्या गाडीने गेलो. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पांढऱ्या साडीतल्या नवरीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि पहिली पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. माझ्या पानात बुंदी पडली आणि साडूभाऊंचा फोन वाजला.

वैशाली होती. रुग्णालयाची एक खिडकी बिघडली होती. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या माणसाने तिच्यातली तार काढून शेजारच्या मोकळ्या खिडकीत लावली होती. कोणीही तेच केलं असतं. फक्त ती मोकळी खिडकी शून्य डोमेनमधली होती. म्हणजे कोणाचीच नाही. रुग्णालयाच्या वाट्याच्या बाकी सगळ्या खिडक्या भरलेल्या. वैशालीच्या पडद्यावर नवी खिडकी उमटतच नव्हती. तार डोळ्यांसमोर, बोटाने दाखवता येत होती, आणि पेटी म्हणत होती की असं काही नाही. एक्स-रे निघत होते, पण डॉक्टरांना दिसत नव्हते. खिडकी शून्यातून काढून रुग्णालयाला द्यायची तर ते दोनशे पंचावन्नचं काम. तिने पासवर्ड मागितला. साडूभाऊंनी फोनवर पासवर्ड सांगायचं नाकारलं, कारणासहित. इथूनच करता येणार नाही का, असं मी विचारलं. नाही. दोनशे पंचावन्नमध्ये फक्त त्या खोलीतल्या कीबोर्डवरून शिरता येतं, असा नियम होता. नियम कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

आम्ही निघालो. पंगतीतून उठून, न जेवता. ताई आणि माझी बायको मागे राहिल्या आणि, असं मला नंतर कळलं, दोनदा बुंदी खाऊन आल्या. वर्ध्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत पुढे ट्रक आला की साडूभाऊ उजवा पाय दाबायचे, जणू ब्रेकचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

रुग्णालयात एक्स-रेच्या बाहेर लोक बसलेले होते. एक म्हातारी स्ट्रेचरवर होती, ओट्यावरून पडून कंबरेला लागलेली, आणि तिचा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट विचारत होता. “फोटो काढला म्हणते, मंग डॉक्टरले दिसत काऊन नाई?” त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. साडूभाऊ त्याच्यासमोरून आत गेले. पाच-दहा मिनिटांत काम झालं. मग ते बाहेर आले आणि सरळ त्या स्ट्रेचरपाशी जाऊन उभे राहिले. कारण सांगणं भाग होतं. त्यांनी म्हातारीला पेटी समजावून सांगितली, खिडक्या समजावल्या, शून्य समजावलं, दोनशे पंचावन्न समजावलं. म्हातारी दुखणं विसरून ऐकत होती.

“म्हंजे घराले कुलूप लावून, चाबी घेऊन लग्नाले गेलते तुमी,” ती म्हणाली.

साडूभाऊंनी विचार केला. “हो,” ते म्हणाले.

“लगन लागलं का मंग?”

“लागलं.”

“जेवले?”

“नाई.”

“मंग ठीक हाय,” म्हातारी म्हणाली, आणि तिला आत नेलं.

वैशाली खोलीच्या दाराशी उभी होती. ती सहसा साडूभाऊंशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलते, कारण ते कार्यालयात तसंच बोलतात. त्या दिवशी तशी बोलली नाही. “सर, आज तुमी कारंज्याले होते म्हणून आले,” ती म्हणाली. “उद्या कुठंच नसले, तं आमी कोणाले विचारावं?”

मी साडूभाऊंकडे पाहिलं. ते नेहमी अशा वेळी लेखी उत्तर द्यायला खिशातून पेन काढतात. काढलं नाही. घरी सोडायला गेलो तेव्हा ते गाडीतून उतरले, दार लावलं, आणि खिडकीतून वाकून मला म्हणाले, “पोरगी बरोबर बोलली, साडूभाऊ. पण चढ्या आवाजात बोलली.” मी म्हटलं, आवाज चढवल्याशिवाय तिला काही मिळालं नसतं. त्या दिवशी त्यांनी मला चहालाही बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. ताई सांगायच्या, घरी येऊन तेच बोलतात, की खिडकी कशी द्यायची हे कोणालाही शिकवता येतं, कोणाला का द्यायची नाही हे शिकवायला वेळ लागतो. आपल्या खुर्चीचे सगळे नियम त्यांनी तिला पाठ करायला लावले. संस्था सोडणाऱ्याचा प्रवेश शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद करायचा. साडेपाचला नाही. खोलीत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आत येतानाच रंगीत चिठ्ठी लावायची, निळी रुग्णालयाची, पिवळी परीक्षेची. ज्याची चिठ्ठी त्याच्याच परवानगीने वस्तू बाहेर जाईल. बिनचिठ्ठीची वस्तू बाहेर जाणार नाही. हे नियम साडूभाऊंना लागू नव्हते, कारण ते दोनशे पंचावन्नमध्ये होते. त्यांचा तीन पुडांचा जेवणाचा डबा रोज बिनचिठ्ठीचा आत जायचा आणि बिनचिठ्ठीचा बाहेर यायचा. उन्हाळ्यात त्या खोलीत दही आंबत नाही, असं त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी तिला दोनशे पंचावन्न दिलं. मी तिथे नव्हतो, वैशालीने नंतर सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, तिचा पासवर्ड तिनेच टाकावा म्हणून स्वतः पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने टाकला. “झालं, सर,” असंही म्हटलं. तरी ते बराच वेळ वळले नाहीत.

निरोपाच्या समारंभाला आम्ही सगळे गेलो होतो. संचालकांनी शाल दिली आणि भाषण केलं. साडूभाऊंनी आपल्यापासून कधी काही लपवलं नाही, संस्थेचा कानाकोपरा आपल्याला दाखवला, असं ते गहिवरून म्हणाले. साडूभाऊ खाली मान घालून बसले होते. भाषण लांबलं. टाळ्या झाल्या, समोसे झाले, आणि आम्ही निघणार तेवढ्यात ताईंनी विचारलं, “डबा कुठाय?”

डबा खोलीत होता. तो साधा डबा नव्हता. माझ्या सासूबाईंनी ताईंना लग्नात दिलेला, वरच्या झाकणावर ताईंचं नाव कोरलेला. साडूभाऊ शाल खांद्यावर तशीच ठेवून तळमजल्यावर गेले, मी त्यांच्यामागे. त्यांनी दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. काचेच्या पलीकडे वैशाली बसली होती. ती उठून आली आणि दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली, वाट अडवून.

“पाच वाजून गेले, सर,” ती म्हणाली.

“कोणी बंद केलं?”

“मी.”

“कारण?”

तिच्या हातात कागद तयार होता. बहुधा दुपारपासून तयार असावा. साडूभाऊंनी चष्मा लावून वाचला. मीही वाचला. त्यावर लिहिलं होतं: “काम संपले.” खाली सही.

इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखतो. त्यांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. एखाद्या मास्तरचा होईल तसा झाला, आपल्यालाच आपल्या विद्यार्थ्याने नापास केल्यावर, आणि तेही बरोबर तपासून. त्यांनी कागद तिच्याकडे परत दिला. “वेळ टाकायची राहिली,” ते म्हणाले. तिने भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकली आणि कागद पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मग त्यांनी डब्याचा विषय काढला. वैशालीने आत बघितलं. डबा कोपऱ्यातल्या स्टुलावर होता, त्यावर स्वेटर. स्वेटर अंगावर घालायचा, म्हणून वस्तूत मोडत नव्हता; तो तिने आणून दिला. डब्याला चिठ्ठी नव्हती. ती थोडी अडखळली, आणि माझ्या मनात आलं की ही आता देईल. “याच्यावर नाव ताईंचं आहे, सर,” ती शेवटी म्हणाली. “ताई आल्या तर देता येईल.” साडूभाऊंनी मान डोलावली. त्यांनाही दुसरा मार्ग सुचत नव्हता. आम्ही वर येऊन ताईंना सांगितलं. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मी कायले जाऊ?” त्या म्हणाल्या. “मी नेला होता का? ज्यानं नेला त्यानं आणावा.” ज्याने नेला त्याला आत जाता येत नव्हतं, हे त्यांना पटवून द्यायचा साडूभाऊंनी प्रयत्न केला. पण ते त्यांचं कार्यक्षेत्र नव्हतं.

आता ते घरीच असतात. सकाळी उठून पेपर वाचतात, कूलरच्या समोर बसतात, मुलाने पाणी भरलं की नाही ते बघतात. पाणी भरलेलं असतं. वाळ्याच्या ताट्या एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं आहे आणि ते वर्षातून एकदाच येतं. मी गेलो की त्यांना बरं वाटतं. कधी कधी ते खिशातून घडी उलगडून तो कागद दाखवतात, मला, शेजाऱ्यांना, एकदा भाजीवालीलाही, आणि म्हणतात की पोरीचं काम चोख आहे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन दुसरा चहा मागतात. परवा मात्र ताईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि अर्धा कप दिला, बिनसाखरेचा. कारण काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

डबा अजून त्या खोलीतच आहे. वैशाली गेल्या आठवड्यात मला बाजारात भेटली, तेव्हा म्हणाली की डब्याला तिने पांढरी चिठ्ठी लावली आहे, डोमेन शून्य, म्हणजे आता तो निदान यादीत आला. ताई कधीही आल्या तरी मिळेल. आणि सरांना सांगा, काळजी करू नका, डबा स्वच्छ घासून ठेवला आहे.

त्या खोलीत नळ नाही. नळ दाराबाहेर आहे.